पहिल्या ओळीतला शेवट

एक्स-रेच्या खोलीत गप्पांना जागा नसते. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. दिवसभर ती एवढंच बोलायची, तेही जाड काचेमागून. इस्पितळात सगळे तिला फिल्मवाली म्हणत. हे नाव कॅन्टीनवालीने ठेवलं होतं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. "फिल्मवाली आली गं, तिचा चहा बिनसाखरेचा!" अशी हाळी ऐकली की नवीन पेशंटांना वाटे, कुणी नटीच आली की काय. मग ढगळ ॲप्रनमधली, केस घट्ट बांधलेली, चेहऱ्यावरची माशी न हलणारी ही बाई पाहून त्यांचा हिरमोड व्हायचा.

कामात मात्र ती डोळ्यांत तेल घालून असे. छातीचा फोटो काढताना पेशंटच्या डाव्या बाजूला शिशाचं एक छोटं 'एल' अक्षर ठेवायचं असतं. ते फिल्मवर उमटतं. पुढे कुणी फिल्म उलटी लावली तर अक्षरही उलटं दिसतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. नवीन आलेलं कुणी हे अक्षर ठेवायला विसरलं की ती खवळायची. "माणूस आतून दोन्हीकडे सारखा नसतो. हृदय कुठल्या बाजूला आहे हे फिल्म सांगणार नाही, आपण सांगायचं असतं."

घरी ती दुसरंच काम करायची, आणि त्याचा तिच्या घरच्यांना पत्ता नव्हता. जपानी मंगा म्हणजे तिकडची कॉमिक्स, आणि ॲनिमे म्हणजे तिकडच्या चित्रमालिका. त्यांतल्या ज्या गोष्टींत दोन बायका एकमेकींच्या प्रेमात पडतात, तेवढ्यांचीच परीक्षणं ती इंटरनेटवर लिहायची. तिथेही नाव फिल्मवालीच.

याची सुरुवात कॉलेजात झाली. शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. दोघींची छत्री एक, डबा एक, अभ्यास एक. परीक्षा संपली आणि त्या मुलीने आपलं लग्न ठरल्याची बातमी अशी हसत सांगितली, जणू ते दोघींनी मिळूनच ठरवलं होतं. त्या सुट्टीत फिल्मवालीच्या हाती पहिली मंगा लागली. दोन मुली, एक शाळा, एक पियानोची खोली. तिने ती एका बैठकीत संपवली. शेवटच्या पानांत त्यांतली एक आजारी पडून मेली. तिने पुस्तक भिंतीवर भिरकावलं. पुढच्या गोष्टीतली मेली नाही, पण लग्न करून गेली. त्यापुढचीने 'ते वयच तसं होतं' म्हणून हात झटकले. ॲनिमेची तर तऱ्हाच न्यारी. खिडकी, संध्याकाळ, हातावर हात, की वाजलं गाणं आणि मालिका खलास.

तेव्हा तिने स्वतःपुरता एक नियम केला. परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत शेवट सांगून टाकायचा. 'शेवटी दोघी असतात' किंवा 'शेवटी एकच उरते'. मग खाली चित्रं, संवाद, भाषांतर यांची हवी तेवढी चिरफाड. "अहो बाई, शेवट फोडलात की!" असं कुणी ओरडलं की ती लिहायची, "पुढे खड्डा आहे अशी पाटी लावल्याने रस्ता बिघडत नाही." बोलणारे बोलत राहिले, पण हळूहळू त्या पहिल्या ओळीसाठीच येणारे वाचक वाढले. एकीने लिहिलं होतं, "तुम्ही दोघी म्हणालात तरच मी घेते. माझ्यात आता तेवढाच दम आहे." फिल्मवालीने हे वाक्य मनात जपून ठेवलं. तिच्या शब्दाला वजन होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

तिला एक आत्या होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आयुष्यभर टायपिस्ट होती, लग्न केलं नव्हतं. तिच्या घरात बाई राहायच्या. या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून घरादाराच्या त्या बाई. त्या कधी आल्या, कशा आल्या, कुणी विचारलं नाही. फिल्मवालीचे वडील म्हणायचे, "दोघी एकत्र राहतात ते बरंच आहे. भाडं वाचतं." पुढे त्या दोघींनी ते घर विकत घेतलं, तरी वडील भाडं वाचतं असंच म्हणत राहिले.

आत्या बाईंना मास्तरीण म्हणायची आणि बाई आत्याला टायपिस्ट. "टायपिस्ट, माझा चष्मा?" "तुझ्या डोक्यावर, मास्तरीण. जगाचा नकाशा पाठ आणि स्वतःचं डोकं सापडत नाही." त्या घराची रीत हीच होती.

मग बाईंचं हृदय थकलं. जिना सुटला, बागेतलं फिरणं सुटलं, शेवटी खुर्चीतून पलंगापर्यंतचं अंतरही दमवायला लागलं. बारीक अक्षर वाचवेना. फिल्मवाली एकदा भेटायला गेली तेव्हा पिशवीत एका मंगाचा पहिला भाग होता. चित्रं मोठी, शब्द थोडे. तिने तो तिथे ठेवला, आणि आपण मुद्दाम ठेवला हे स्वतःलाही कळू दिलं नाही.

'धक्क्यावरच्या दोघी' ही ती जुनी, सहा भागांची गोष्ट. एक नावेची तिकिटं फाडणारी, दुसरी कापड रंगवणारी. दोघींच्या तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत. आत्या वाचून दाखवायची, बाई चित्रं बघायच्या. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडतं हे पाहून बाईंना भारी गंमत वाटली. "बघ, पृथ्वी गोल आहे. दोन्हीकडून निघालं तरी पोचतंच." पहिले पाच भाग असे मजेत गेले. सहावा देऊन बरेच दिवस झाले, तरी बाई त्याबद्दल काही बोलेनात. फिल्मवालीला नवल वाटलं, पण तिने विचारलं नाही.

एका सकाळी आत्या बाईंना चाकांच्या खुर्चीतून इस्पितळात घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा नवा फोटो सांगितला होता. बाई आत कपडे बदलत होत्या, नर्स मदतीला होती. बाहेर बाकावर आत्या आणि फिल्मवाली.

"सहावा भाग आवडला का गं?" फिल्मवालीने विचारलं.

आत्याने मांडीवरच्या कोटाच्या बाह्या नीट केल्या. कोट बाईंचा होता. "वाचला नाही. मी तिला सांगितलंय, सहावा छापलाच नाही. टॉवेलांच्या खाली ठेवलाय."

"का?"

"शेवटी एकच उरते," आत्या म्हणाली.

हे फिल्मवालीचं स्वतःचं वाक्य होतं.

"तू... तू वाचतेस?"

"पहिल्यापासून. कॅन्टीनमध्ये तुला फिल्मवाली म्हणतात ते मी ऐकलंय. आणि जिथे तिथे 'श्वास धरून ठेवा' असं दुसरं कोण लिहिणार? प्रत्येक भाग वाचायच्या आधी मी तुझी पहिली ओळ बघते. बाकीचं फार पंडिती असतं, ते सोडून देते."

"म्हणजे माझं तुला ठाऊक होतं."

"तुला आमचं नव्हतं का?"

समोरून कुणीतरी औषधांची गाडी ढकलत गेलं. इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं, ते दोन वाक्यांत बोलून झालं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"ती रोज विचारते," आत्या म्हणाली. "त्या दोघींचं पुढे काय झालं? मी म्हणते, छापतायत. आता तूच सांग, तिच्यापुढे बसून मी कुठल्या तोंडाने वाचू, की एक गेली आणि दुसरी बसून राहिली? तुझं काही चुकलेलं नाही, पोरी. तू खरं लिहिलंस. पण हे खरं मी तिला नाही वाचून दाखवणार."

त्या परीक्षणाचा फिल्मवालीला फार गर्व होता. सहाव्या भागाचं शेवटचं पान मुकं आहे, एकही शब्द नाही. रंगारीण पांढऱ्या झग्यात चटईवर पडलेली, तिकीटवाली शेजारी बसलेली, हात तिच्या कपाळावर. इतर परीक्षकांनी लिहिलं होतं, झोपली असेल, गेली असेल, ज्याने त्याने ठरवावं. फिल्मवालीने मात्र झगा पाहिला. जपानात जिवंत माणूस झग्याची डावी बाजू उजवीवर घेतो. उजवी बाजू डावीवर फक्त मेलेल्या माणसाची घेतात. चित्रात उजवी बाजू वर होती. तिने ठणकावून लिहिलं, 'ज्यांना दिसत नाही त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. शेवटी एकच उरते.'

आतून बाईंचा आवाज आला. "फिल्मवाले, मी सजले. काढ फोटो."

तिने बाईंचे खांदे हलकेच पुढे ओढले. हाडांवर नुसतं कातडं राहिलं होतं. डाव्या बाजूला अक्षर ठेवलं. "श्वास घ्या, बाई. धरून ठेवा."

"किती धरू?" बाई पुटपुटल्या. "फार नाही हं माझ्याकडे."

फिल्म तयार झाली. हृदयाची सावली फुगलेल्या पिशवीसारखी पसरली होती, मागच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठी. आपल्याला जे आधी कळतं ते पेशंटला सांगायचं नाही, हा तिच्या कामाचा दंडक. ती फिल्म घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली, दिव्याच्या पाटीवर लावली आणि मागे सरली.

डॉक्टरीणबाई पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हृदय उजवीकडे?"

"काय?"

"उलटी लावलीस. अक्षर बघ की. आणि आम्ही लावली असती तर आमचा उद्धार केला असतास!"

फिल्मवालीने फिल्म काढली. तिने ती पलटून लावली. हृदय जागेवर आलं, अक्षर सुलटं झालं. आणि ती तिथेच थिजली.

उलटी लावलेली.

सहावा भाग उजवीकडून डावीकडे नव्हताच. नव्या आवृत्तीचे पाचच भाग निघाले, म्हणून सहावा तिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून आणला होता. तो जुन्या काळातला, आपल्या पुस्तकांसारखा डावीकडून उजवीकडे उघडणारा. तेव्हाचे प्रकाशक परक्या वाचकांच्या सोयीसाठी अख्खं पान आरशातल्यासारखं पलटायचे आणि वर शब्द नव्याने सुलटे बसवायचे. हे तिला ठाऊक होतं. 'हा भाग वाचायला सोपा' असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं! म्हणजे मूळ चित्रात झग्याची डावीच बाजू वर होती, रंगारीण जिवंत होती. पाच भागांत दोघी कामाच्या साध्या कपड्यांत, बटणांच्या सदऱ्यांत. झगा आला तो थेट शेवटच्या पानावर, त्यामुळे संशयाला जागाच राहिली नव्हती.

नाही, जागा राहिली होती. पाच भाग तिकीटवालीच्या डाव्या डोळ्याखाली असलेला तीळ सहाव्यात उजव्या डोळ्याखाली गेला होता. ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिने काय लिहिलं होतं? 'चित्रकर्तीचा हात वयाने ढिला पडला आहे, तीळसुद्धा जागेवर राहिलेला नाही.' लाजेने तिचे कान तापले. दिवसभर शिशाचं अक्षर ठेवत हिंडणारी ती, आणि पानावर ठेवलेलं अक्षर तिला दिसलं नव्हतं. उलट ते ठेवणारीलाच तिने झापलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला आत बोलावून घेतलं. आवाज खाली होता, पण फिल्मवालीला शब्दांची गरज नव्हती. घरी न्या, त्यांना जे आवडतं ते करू द्या, बस.

संध्याकाळी ती कपडेही न बदलता आत्याकडे गेली. बसमधून उतरण्याआधीच तिने परीक्षणाची पहिली ओळ बदलली होती. 'शेवटी दोघी असतात. आधी मी उलटं लिहिलं होतं. पान पलटवून छापलेलं आहे हे मला ठाऊक असूनही माझ्या ध्यानात आलं नाही. चूक सर्वस्वी माझी. चित्रकर्तीचा हात शेवटपर्यंत पक्का होता.'

आत्याने दार उघडलं. फिल्मवालीने उंबऱ्यावरच फोन पुढे केला. आत्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"सकाळी मी तुला सांगितलं आणि संध्याकाळी शेवट बदलला?" ती हळू आवाजात म्हणाली. "पोरी, माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. मला सगळं चालेल, पण तू खोटं लिहिलेलं चालणार नाही. आजवर ती एक ओळ मी डोळे झाकून मानली."

शब्दाचं वजन काय असतं ते फिल्मवालीला आता कळत होतं. "डोळे झाकून मानू नकोस," ती म्हणाली. "उघडून बघ. पुस्तक कुठंय?"

टॉवेलांच्या खालून सहावा भाग निघाला. पलंगाच्या पायथ्याशी कपाट होतं आणि कपाटाच्या दाराला माणूसभर आरसा. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाशी ऑक्सिजनची नळी. डोळे मिटलेले, पण कान नव्हेत.

"टायपिस्ट," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "सहावा छापला नव्हता ना?"

आत्याच्या हातून टॉवेल सुटला. "आज छापला," ती म्हणाली.

"बरं. टॉवेलांच्या कारखान्यात छापतात वाटतं."

"कधी बघितलंस?"

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा. उघडला नाही. म्हटलं, हिला नाही वाचायचा तर काही कारण असेल." त्यांना धाप लागली, त्या थांबल्या. "तुझ्या कारणांना मी कधी हात लावलाय का?"

आत्या पलंगाच्या कडेला बसली. एवढे दिवस तिला वाटत होतं, आपण हिला जपतोय. आणि ही पडल्या पडल्या तिचं जपणं जपत होती.

फिल्मवालीने आधी पाचवा भाग उघडून पलंगावर ठेवला. "हा तीळ कुठल्या डोळ्याखाली?"

"तिच्या डाव्या," आत्या म्हणाली.

"आणि सहाव्यात?"

आत्या वाकली. "उजव्या."

"आता आरशात बघ." तिने सहावा भाग छातीशी धरला, पान आरशाकडे करून. अक्षरं उलटी झाली, वाचता येईनात. पण तीळ डाव्या डोळ्याखाली आला, तिकिटं फाडणारा हात पुन्हा उजवा झाला, आणि धक्का पाच भाग ज्या बाजूला होता त्याच बाजूला जाऊन बसला. आत्या नुसती एकदा पाचव्याकडे, एकदा आरशाकडे पाहत होती.

"थांबा थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघी शेवटाकडे पळताय. मला आधी मधलं सगळं हवंय."

मग वाचन सुरू झालं. आत्या शब्द पुस्तकातून वाचायची, मग फिल्मवाली ते पान आरशाकडे धरायची आणि बाई चित्र आरशात बघायच्या. मध्येच बाई म्हणायच्या, "मागे घे," आणि पान मागे जायचं. धक्का मोडकळीला येतो. नाव बंद होते. तिकीटवालीकडे फाडायला तिकिटं उरत नाहीत, तर रंगारीण तिला रंगीत चिंध्या फाडायला देते. इथे बाई इतक्या हसल्या की आत्याने पाठ चोळली. "मी निवृत्त झाले तेव्हा तू मला काय दिलं होतंस? वाटाणे सोलायला."

"आणि तू ते अर्धे खाल्लेस," आत्या म्हणाली.

शेवटचं पान आलं. त्यात वाचायला काहीच नव्हतं. फिल्मवालीने ते आरशाकडे धरलं आणि स्वतः नकळत श्वास धरला. पांढरा झगा, डावी बाजू उजवीवर. कपाळावर हात.

बाई बराच वेळ बघत होत्या. ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं.

"झोपलीय," त्या म्हणाल्या.

"हो," आत्या म्हणाली.

"आणि ही बसलीय का? हिने पण झोपावं की."

"झोपेल. जरा बसू दे तिला."

बाईंनी हात उचलला, तो अर्ध्यावरच राहिला. आत्याने तो आपल्या हातात घेतला. फिल्मवालीने पुस्तक खाली घेतलं आणि ती बाजूला सरली, तेव्हा आरशात पलंगावरच्या त्या दोघीच उरल्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना भांडी विसळत राहिली.

बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. एका दुपारी, आत्या शेजारी बसलेली असताना, त्या गेल्या. नातेवाईक आले, बसले. फिल्मवालीचे वडील हळहळून म्हणाले, "चांगली मैत्रीण होती हो तुझी. घरात सोबत होती." आत्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "सोबत नव्हे, दादा," ती म्हणाली. "संसार होता." वडिलांनी मान खाली घातली, आणि खालीच ठेवली. भाड्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

फिल्मवालीने लिहिणं थांबवलं होतं. वाचक विचारत, बऱ्या आहात ना? ती उत्तर देत नसे. रविवारी आत्याकडे जायची, दोघी मुकाट्याने काहीतरी खायच्या. अशाच एका रविवारी आत्याने विचारलं, "नवीन काही वाचलंस का?"

"एक वाचली. चांगली आहे. फार चांगली. पण..."

"एकच उरते?"

तिने मान डोलावली. "तुला नाही देणार."

आत्या उठली. तिने टॉवेलांचं कपाट उघडलं, उगीच दोन टॉवेल नीट केले आणि आरशाचं दार लावलं. "माझ्याकडे बघून ठरवू नकोस," ती म्हणाली. "तिला वाचून दाखवायची नव्हती मला. मी स्वतः वाचणार नाही असं कुठे म्हटलं? उरलेलीचं पुढे काय होतं ते कुणीतरी सांगायला नको का?"

त्या संध्याकाळी फिल्मवालीने परीक्षण लिहायला घेतलं. पहिली ओळ तिने नेहमीसारखीच लिहिली. 'शेवटी एकच उरते.' मग ती थांबली. पानं पुन्हा चाळली, तीळ पाहिले, हात पाहिले, झगे पाहिले, पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं ते पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. खरोखरच एक उरत होती.

त्या ओळीखाली तिने पहिल्यांदाच दुसरी ओळ लिहिली. 'तरी वाचा.'

आणि आत्यासाठी पुस्तक पिशवीत घातलं.